गोठ्यामागचा फणस

फणस आपल्याला ओळखता येत नाही, ही गोष्ट मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, व्यासपीठावर, माइक चालू असताना कळली.

आमची मुलगी मृणाल बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने फणस कापायचं यंत्र बनवलं होतं. त्यासाठी तळेऱ्याच्या वेल्डरकडे दोन महिने खपून तिने जुन्या सायकलीच्या नळ्या वापरल्या, आणि (मला न विचारता) माझ्या आरामखुर्चीचे पायही. वर फणस ठेवायचा आणि दांडा खाली ओढायचा. मधला चिकट भाग नळीत, चीक भांड्यात आणि गरे सुटे. हाताला थेंब लागत नाही!

कॉलेजच्या इनक्युबेशन सेंटरने विद्यार्थ्यांच्या उद्योगांची स्पर्धा ठेवली होती. (पूर्वी उबवायचं काम कोंबडी एकटी करायची, तेही उद्घाटनाशिवाय.) निवडलेल्या तिघांना वर्षभर कार्यशाळा वापरायला मिळणार होती आणि सोबत एक जाणकार मार्गदर्शक. हे फक्त विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे मृणालला ही शेवटची संधी. नाही जमलं तर मी आणलेला तलाठी परीक्षेचा फॉर्म ती निमूट भरणार, असा आमच्यात तह झाला होता.

"बाबानू, फणस कापोच व्हयो हां," आदल्या दिवशी ती म्हणाली. "बरको चलाचो नाय."

कापा म्हणजे कडक, सुट्या गऱ्यांचा. बरका आतून सगळा गिळगिळीत. कुठल्या झाडाला कुठला लागतो, हे आमच्या वाडीत कुत्र्यांनाही ठाऊक असतं.

"थांबा, आयेक फोन लावतंय." तिची आई खारेपाटणला माहेरी गेली होती.

"फणसासाठी फोन? गो, ह्या वाडीत जल्मलंय मी!"

मी गोठ्यामागच्या झाडाचा फणस उतरवला, डॉक्टरसारखा बोटांनी वाजवला, कान लावला, मान डोलावली. संध्याकाळी बायकोला फोनवर कळवलं, "फणस मी निवडलाय."

"तुमी?" एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. मी ते कौतुक समजलो.

समारंभ दहाला होता, म्हणजे साडेअकराला सुरू झाला. दीपप्रज्वलन, शाली, नारळ, पाहुण्यांचा परिचय (बारशापासून). "नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या द्या!" असं पाहुण्यांनी पाऊण तास सांगितलं. ते स्वतः नोकरीतूनच निवृत्त झाले होते. मग वेळ कमी उरल्यामुळे विद्यार्थ्यांना पाच-पाच मिनिटं मिळाली. तोंडवलीच्या दोघींनी होम-स्टेचं अ‍ॅप दाखवलं. नेट नसल्यामुळे ते हातवारे करूनच दाखवलं.

मग मृणालचं नाव पुकारलं. फणस यंत्रावर ठेवून मी खाली उतरायचं, एवढंच माझं काम होतं. पण समोर माइक दिसला! समारंभांची मी जन्मभर टिंगल केली, आणि माइक हातात आल्याबरोबर पाहुण्यांपेक्षा वाईट बोललो.

"हा फणस मी जातीने पारखला आहे! साहेब, दांडा आपल्या शुभहस्ते!"

"बाबानू, वायच थांबा," मृणाल फणसाला बोट लावत पुटपुटली. तोवर पाहुण्या साहेबांनी दांडा ओढला.

फच्च!

फणस कापला गेला नाही, तो बसला. लगदा नळीतून न जाता वरून आला. थोडा साहेबांच्या शालीवर, बराचसा दांड्यावर. एक आठळी परीक्षकांच्या चहात पडली. साहेबांचा हात दांड्याला चिकटला. मी सोडवायला गेलो, तर माझा हात साहेबांना चिकटला.

"सोडा हो मला!"

"सोडतोय साहेब, पण सुटत नाही!"

(हे सगळं माइकवर.)

तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला, "अवो, गोठ्यामागचो काढलात? बरको आसा तो! त्येका यंत्र कशाक, चमचो व्हयो!"

बायको खारेपाटणहून पोचली होती. बगलेत पोतं, पोत्यात माहेरचा कापा फणस. माझा फोन ठेवल्याबरोबर तिने भावाला झाडावर चढवलं होतं.

मृणाल रडेल असं मला वाटलं. तिने माझ्या हातातला माइक ओढून काढला. (त्याचं स्पंजाचं टोपरं माझ्याकडेच राहिलं.)

"सर, माझी अजून तीन मिनिटं आहेत," ती शुद्ध मराठीत म्हणाली. "आत्ता तुम्ही पाहिलीत ती अडचण. फणसाच्या दिवसांत घरोघरी हेच होतं. आता उपाय दाखवते."

तिने आम्हा दोघांना खोबरेल देऊन बाजूच्या बाकावर बसवलं, पाती पुसली, आईचा फणस ठेवला आणि दांडा ओढला. कट्! गरे सुटे झाले.

"आणि फणस बरका निघाला तर?" चहा बाजूला सारत परीक्षकांनी विचारलं.

"नाही चालत, सर. त्यासाठीच मला कार्यशाळा हवी आहे."

मिळाली! निकाल लागला तेव्हा मी आणि साहेब एकमेकांचे हात खोबरेलाने चोळत होतो. पुसायला खिशात कागद सापडला तो तलाठ्याचा फॉर्म. तोही कामाला आला.

आता मृणाल यंत्राची माहिती द्यायला जिथे जाते, तिथे पडद्यावर पहिला फोटो माझा असतो. तोंड उघडं, हात साहेबांच्या हातात, आणि वर ठळक अक्षरांत 'समस्या'. लोक लगेच माना डोलावतात. बत्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, पण माझा मुद्दा इतक्या लोकांना इतक्या पटकन कधीच कळला नव्हता.