जर्मन अक्कांचं घरी जाणं

“एंगेज लागतोय गं,” असं म्हणून अक्का रिसीव्हर ठेवायच्या आणि काचेच्या पेटीतून बाहेर येताना पदराने मान पुसायच्या. फोन एंगेज नसायचा. त्या शेवटचा आकडा दाबायच्याच नाहीत. दाबलेला प्रत्येक आकडा माझ्यासमोरच्या यंत्रावर उमटायचा. त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि मीही कधी बोलले नाही.

नव्वदच्या दशकातले एसटीडी बूथ तुम्ही पाहिले असतील, तर आमचाही तुमच्या डोळ्यांसमोर येईल. के. आर. पुरम स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत. बाहेर पिवळी पाटी, आत काचेची पेटी, आणि बाकावर नंबराची वाट बघत बसलेली माणसं. पेटीत आवाज अडायचा, पाठ मात्र दिसायची. रोज बघून बघून मला पाठी ओळखता येऊ लागल्या होत्या. अक्कांची पाठ बरेच दिवस समजली नाही. मग कळलं, बाई घाबरलेल्या आहेत.

सगळी गल्ली त्यांना जर्मन अक्का म्हणायची. साठीच्या, उंच, नेहमी सुती साडीत. त्यांचे यजमान आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरातले. तरुणपणी कारखान्याने त्यांना काम शिकायला पूर्व जर्मनीत पाठवलं होतं, तिथून ते यांना घेऊन आले. मराठी शिकवली सासूने, त्यामुळे आमच्या घरांत बोलतात तीच, कानडीत भिजलेली मराठी त्यांच्या तोंडी बसली. फक्त ‘ळ’ काही केल्या आला नाही. “आज केली विसरले,” असं त्या सांगायच्या आणि माझी आई गंभीर चेहऱ्याने विचारायची, “काय केलं म्हणालात?”

यजमान गेले तेव्हा अक्का एकट्या राहिल्या. मूलबाळ नव्हतं. जर्मनीत थोरली बहीण होती, लग्न न केलेली, आईवडिलांच्या घरात एकटीच राहणारी. तिने निरोप धाडला, की आता ये, दोघी मिळून राहू. गल्लीला हे एकदम पसंत पडलं. उतारवयात आपल्या माणसांत असावं, असं जो तो त्यांना ऐकवून जायचा. अक्का मान हलवून कानडीत “सरी, सरी” म्हणायच्या, म्हणजे बरं, बरं.

तयारी सुरू झाली. तिबेटी लोकांच्या दुकानातून दोन स्वेटर आले. भांडी वाटली गेली. कॉफीचा पितळी फिल्टर त्यांनी माझ्या आईला दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. “स्वल्प दिवस राहू दे माझ्याकडे. जाताना देते.” असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी आईने तो घरात नेलाच नाही, दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला. त्यांना मागायला नको.

एक दिवस मी म्हटलं, “अक्का, मी लावून देते नंबर.” त्या नको म्हणायच्या आत लावलाही. पलीकडे कुणीतरी उचलला. अक्का ताठ उभ्या राहिल्या, पदर सावरला, जणू बहिणीला दिसणार होतं. थोडं जर्मन बोलल्या, मग अडखळल्या, आणि मग मला पेटीच्या फटीतून ऐकू आलं, “सरी… सरी…” बाहेर आल्या तेव्हा ब्लाऊज घामाने भिजला होता.

“भाषा गेली गं माझी,” त्या म्हणाल्या. “चमचा आठवला, कोबी आठवला. भीती वाटते असं सांगायचं होतं, तर तो शब्दच सापडेना.”

“बहिणीला भ्यायचं काय, अक्का?”

त्या बाकावर बसल्या. “बर्लिनची भिंत होती तोवर बरं होतं,” एवढंच म्हणाल्या. “जाता येत नाही, असं सांगता यायचं.”

मला वाटलं, थंडीची भीती असेल, किंवा अनोळखी झालेल्या गावाची. आपल्याला दुसऱ्याच्या भीतीची अशीच सोपी कारणं सुचतात.

निघायच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक उतरवायला त्यांनी मला बोलावलं. घर रिकामं झालं होतं, बोललेलं घुमत होतं. ट्रंक खाली आली. मी झाकण उघडलं, तर आतून कुबट, बंद हवेचा वास आला. अक्का मागे सरकल्या आणि भिंतीला टेकल्या.

“काय झालं?”

“तळघराचा वास,” त्या म्हणाल्या.

मग उभ्याउभ्याच सांगितलं. माझ्याकडे न बघता.

“लढाई संपत आली होती. दुसऱ्या देशाची फौज गावात शिरली. आई, मोठी आणि मी, आम्ही कोळशाच्या तळघरात लपलो होतो. शिपाई कंदील घेऊन खाली आले. एकाने बोट दाखवलं. बोट माझ्याकडे होतं गं. मी लहान होते, पण मला कळलं. मोठीलाही कळलं. ती उठली, मला पाठीमागे ढकललं आणि त्याच्या पुढे होऊन जिना चढून गेली.”

खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

“सकाळी आली. आईने तिची वेणी घातली. घरात कुणी एक शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही. मोठी झाले तरी नाही. ह्यांनी विचारलं, माझ्याबरोबर येशील का, तर मी त्याच दिवशी हो म्हटलं. माझा जीव होता ह्यांच्यावर. पण मला पळायचंही होतं. आता रोज तिच्यासमोर बसून जेवायचं. तिने माझ्याकडे बघितलं तर? विचारलं तर, की तू का नाही उठलीस?”

माझं वय तेव्हा पंचविशीचं. मी त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता, बेंगळुरात, भर एप्रिलमध्ये.

विमानतळावर त्यांना सोडायला मी आणि माझा भाऊ गेलो. भाऊ सामानाची गाडी आणायला गेला, तेव्हा अक्कांनी माझं मनगट पकडलं.

“मी नाही गेले तर चालेल का?”

त्यांच्या तोंडचा रंग उडाला होता. धीर द्यावा असं मनात आलं, पण तोंडून खरं तेच निघालं. “चालेल अक्का. आत्ता परत फिरू. आमच्याकडे राहा.”

त्यांनी माझं मनगट सोडलं.

“मोठीला असं कुणी विचारलं नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. काचेपलीकडे, स्वेटर घातलेली ती उंच पाठ रांगेत पुढे सरकताना दिसेनाशी होईपर्यंत मी बघितली. एकदाही वळली नाही.

महिनाभर काही कळलं नाही. माझी आई रोज विचारायची, मी रोज नाही म्हणायचे. मग एका दुपारी बूथमधला फोन वाजला. लांबचा, खरखरणारा आवाज.

“मी बोलते गं. पोचले.”

मी एकदम विचारलं, “बहिणीने विचारलं का?”

“विचारलं. तिसऱ्याच दिवशी. आम्ही बटाटे सोलत होतो. ती म्हणाली, एवढ्या लांब निघून गेलीस, ती माझी लाज वाटली म्हणून का? इतकी वर्षं ती हेच धरून बसली होती. मी येणार म्हटल्यावर आठवडाभर झोपली नव्हती. ती मला भीत होती गं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“जर्मन सुचेना. मराठीत बोलले. सगळं बोलले, त्या रात्रीपासूनचं. तिला काय कळणार? पण तिने हातातली सुरी खाली ठेवली आणि पूर्ण ऐकून घेतलं.”

मागून कुणाचा तरी म्हातारा, जाडसर आवाज आला. अक्कांनी तिकडे तोंड वळवून काहीतरी उत्तर दिलं, भराभर, मध्ये कुठेही न अडता. मग दोघींमध्ये काहीतरी बोलणं झालं आणि एक जण हसली. कोण ते मला ओळखता आलं नाही.

अक्का पुन्हा फोनवर आल्या. माझ्याशी दोन वाक्यं बोलल्या, मायेने बोलल्या, आणि फोन ठेवला. ती दोन्ही वाक्यं जर्मनमध्ये होती. आपण कुठल्या भाषेत बोलतो आहोत, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.