तीन अंश कमी

कदीर सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं सेनगावहून फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमचं उत्तर आलं काय म्हणून अब्बा दोनदा इचारले होते." सरांनी दोन महिन्यांपूर्वी पाठवलेली पांढऱ्या भुकटीची बाटली माझ्या खणात तशीच पडून होती. सोबत चिठ्ठी : 'पदार्थ ओळख. नाव शेवटी लिही.' मी हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. काम एका दुपारचं. परीक्षा संपू देत, म्हणत राहिले.

पदार्थ ओळखणं मला सरांनीच शिकवलं, याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत. बी.एस्सी.ला असताना मला असाच एक अनोळखी पदार्थ मिळाला होता. सोड्याच्या पाण्यात फसफसला, तेव्हा बेंझोइक आम्लच असणार असं वाटलं आणि वितळणबिंदू न काढता पुस्तकातला आकडा लिहून टाकला : १२२. सरांनी वही पाहिली.

"काहून बेटा, तुझ्यापाशी दुसरं थर्मामीटर हाय काय? आपलं तर तीन अंश कमी दाखवून राहिलं."

"न्हाई, सर."

"मग पदार्थ पुस्तकात वितळला व्हय?"

सगळे हसले, सरही. "खोडू नको. खाली पुन्हा करून लिही," म्हणाले. तेवढ्यात तास संपला आणि ते करणं राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात बाटली उघडली. भुकटी जरा मळकी होती; उकळत्या पाण्यात विरघळवून, गाळून निवू दिली, तेव्हा सुईसारखे स्फटिक आले. नव्या थर्मामीटरवर ते १२२ला वितळले. शुद्ध बेंझोइक आम्लात मिसळून पाहिले, तरी वितळणबिंदू घसरला नाही; पदार्थ वेगळा असता तर घसरला असता. म्हणजे तेच... पण त्याचा अर्थ काय लावायचा? सरांना तो दिवस आठवत होता, की घरात हीच बाटली हाताशी लागली? टोमणा होता, की त्या हसण्याची माफी? की निवृत्तीनंतर कुणीतरी काहीतरी कळवावं, एवढंच? मी तिन्ही-चारी गोष्टी मानून पाहते आणि एकही धड पटत नाही.

ते जुनं थर्मामीटर कपाटात अजून आहे. किती चुकतं ते लक्षात राहावं म्हणून सरांनी त्याला तीन गाठींचा दोरा बांधलेला. काल ते काढलं, पुन्हा तेल तापवलं. त्यात बुडवलेल्या बारीक नळीतला स्फटिकाचा कण एकशे एकोणीसला पाणी झाला. घरून आणलेल्या जुन्या वहीत १२२ न खोडता खाली लिहिलं : ११९. शेजारी सरांच्या सहीची जागा रिकामी आहे.