बुडालेल्या बाईची ओटी

जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावावर धुकं असं बसलं होतं की समोरचं चर्च दिसेना. सुलेखा तळघरातून कोळशाची बादली घेऊन धापा टाकत आली, तर जिन्यात घरमालकीण फ्राऊ एबर्ले कमरेवर हात ठेवून उभी.

"जिना पुसायची पाळी तुमची, आणि पायऱ्या ह्या अशा ओल्या?"

पायऱ्यांवर अनवाणी बायकी पावलं होती. कालच्यापेक्षा वर चढलेली, थेट सुलेखाच्या उंबऱ्यापर्यंत. परत फिरलेलं एकही नव्हतं.

साल चौसष्टचं. नवरा यशवंत इथं इंजिनियरिंग शिकायला आलेला. सुलेखाला सातवा महिना लागला होता. पहिलं पोर पोटातच गेलं होतं.

ही पावलं आली ती एका गोष्टीतून. गोष्ट मूळची ऑस्ट्रेलियातली. आधी सिडनीच्या मासिकात आली, बक्षीस मिळालं, मग एका जर्मन वार्षिकात उतरली. तिथून सुलेखानं ती मराठीत केली, भाऊ भास्करच्या पुण्यातल्या दिवाळी अंकासाठी. दुष्काळी मुलखात एक बुडून मेलेली बाई ओल्या पायांनी दारोदार हिंडते आणि सगळे दार लावून घेतात, एवढीच कथा. सुलेखाला ते सोसेना. बाईमाणूस दारातून रिकामं धाडायचं होय? तिनं पदरची ओळ घातली: शेवटच्या घरी तिची ओटी भरली. अंक निघाला आणि पावलं सुरू झाली.

"अहो, ती गोष्टीतली बाई आली," सुलेखा घरात शिरत यशवंतला म्हणाली.

"जा, जा! पोस्टमन असेल."

"अनवाणी? थंडीत?"

यशवंत हसता हसता थांबला. "भास्करला तार करू? ओळ काढ म्हणावं."

"अंक घरोघर गेलाय. कागदावर भरली ना मी, आता खऱ्या तांदळाला आलीय. नाही दिले तर दुसरंच काही नेईल." तिचा हात पोटावर गेला.

मग तिनं ताटलीत तांदूळ घेतले, नारळाच्या जागी सफरचंद, आणि कुंकू. दार उघडून उंबऱ्याबाहेर ठेवलं.

"बाई, हे तुझं. माझं मला राहू दे."

दार लावून दोघं श्वास धरून उभी राहिली. पलीकडे पाणी ठिबकत होतं. मग थांबलं.

उघडलं तर ताटली ओली. सफरचंद नव्हतं, तांदूळ नव्हते. मधोमध फक्त चार दाणे, ओटी घेणारी सवाष्ण भरणारीसाठी परत ठेवते तसे.

"हे तिला कुणी शिकवलं?" यशवंत पुटपुटला.

सुलेखाच्या पोटात बाळ फिरलं. उतरत गेलेली पावलं बघत तिनं फडकं पिळलं आणि वरच्या पायरीपासून जिना पुसायला घेतला.