मीठ-हळद लावलेली ग्रंथी

"कुणी आणली ही घाण?" प्राध्यापक ओरडले आणि डबा व्हरांड्यात भिरकावला.

माझा बाप दारात उभा होता. चपला बाहेर काढून. मोताळ्याहून सकाळच्या एसटीने आला होता. धंदा बकरं कापण्याचा. कोवळ्या बकऱ्याच्या छातीतली थायमस ग्रंथी आम्हाला बुलढाण्याच्या प्रयोगशाळेत लागायची. तिच्यातून हिस्टोन नावाची प्रथिनं काढायची. ग्रंथी आणायचं काम माझ्याकडेच. "तुमच्यात सवय असते," सर म्हणाले होते. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर त्यांनी माझी जात वाचली होती. तेव्हा माझी परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून बापच डबा घेऊन आला.

"बर्फ नाही भेटला साहेब. नासू नये म्हून मीठ-हयद लावली."

"खाटकाला शास्त्र काय कळणार? रक्तातच नसतं ते." मग माझ्याकडे वळून, "हा कोण तुझा?"

"गावचा माणूस आहे, सर."

हे मी बोललो. कुणी गळा धरला नव्हता. बापाने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"हाव साहेब. गावचाच हाय मी."

चपला घालून तो गेला. मी थांबवलं नाही. तेव्हा लाज त्याची वाटली होती. आता स्वतःची वाटते, आणि ती जात नाही.

तासाभराने सरांचा वर्ग. महाराष्ट्र नवा होता, हे संशोधन त्याहून नवं. सर रंगून सांगत होते. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत जीन त्याच. पण हिस्टोन डीएनएला घट्ट धरून बसतात, म्हणून कित्येक जीन मुक्या राहतात. हिस्टोनवर ॲसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चढला की पकड सैल होते, त्या जीनवरून आरएनए तयार होतो. गट निघाला की पुन्हा गप्प.

माझा हात वहीवर थांबला. नुसती जीन असून भागत नाही, तिला वाचू द्यावं लागतं. हे शिकवणारा माणूस विद्वान, पण जिभेला हाड नाही. माझ्या बापाला कोणी शाळेत बसू दिलं होतं?

उठलो. "सर, डबा आणणारा माझा बाप होता. त्याच्या रक्तात नाही म्हणालात. मग आत्ता फळ्यावर लिहिलंत ते काय?"

"खाली बस."

बसलो नाही.

बाप तेव्हा निम्म्या वाटेवर पोचला असेल. त्याने यातलं काही ऐकलं नाही. जिथे बोलायचं तिथे मी शेपूट घातली होती. त्या गोष्टीला माफी नाही, मी मागतही नाही.

त्या दिवसापासून ग्रंथी आणणं बंद. सरांना तोंडावर सांगितलं, ज्याला हिस्टोन हवेत त्याने मोताळ्याला जावं, माझ्या बापापुढे उभं राहावं, आणि आधी 'अहो' म्हणावं.