हिरवी खूण

एमआयडीसीतल्या आमच्या बियाणं कंपनीत लेबलं छापायचं सॉफ्टवेअर तपासायला एकजण आहे. त्याने लिहिलेल्या चाचण्या सुरू झाल्या की माऊस आपोआप फिरतो, बटणं दाबली जातात आणि तो हाताची घडी घालून कौतुकाने बघत बसतो. हिरवी खूण आली की म्हणतो, "बराबर!"

परवा सॉफ्टवेअर सोयाबीनला मक्याचं लेबल देऊ लागलं. चाचणी लाल झाली. साहेब ओरडले, "पाहुणे येऊन राह्यले, मला लाल दिसायला नको!"

त्याने चाचणीतल्या अपेक्षित उत्तरात 'सोयाबीन' खोडून 'मका' लिहिलं. हिरवी खूण आली. साहेबांनी पाठ थोपटली.

मी म्हणालो, "अहो, पिशवीत सोयाबीनच हाय ना!"

"पिशवी माझ्याकडं न्हाई, भाऊ. पडदा हाय."

मी खाली जाऊन छपाईचं यंत्रच बंद केलं. त्याच्या पडद्यावर लेबलं बिनचूक छापली जातच राहिली.