सोमलिंगअप्पांचं मराठी कपाट

बीडच्या कचेरीच्या आवारात, पहाऱ्यावरच्या शिपायाला ओलांडून डाव्या हाताला वळलं की एक लांबट खोली लागायची. निजाम सरकारचा तो कुतुबखाना, म्हणजे पुस्तकांची खोली. सोमलिंगअप्पा तिथले दफ्तरी. हुद्दा ऐकायला भारदस्त, पण काम म्हणाल तर पुस्तकं झाडायची, उसवलेली शिवायची, फाटलेल्या पानाला खळ लावायची आणि कुणी मागितलंच तर पुस्तक काढून त्याच्या हातात द्यायचं. यातलं शेवटचं काम अप्पांच्या वाट्याला कधी फारसं आलं नाही.

खोलीतली बाकीची कपाटं उर्दू आणि फारसी पुस्तकांची. ती मुन्शी करीमुद्दीन यांच्या ताब्यात. अप्पांकडे एकच कपाट होतं, मराठी पुस्तकांचं. मागे कुणा तालुकदारसाहेबाला हुक्की आली आणि त्याने ते मागवून घेतलं. साहेब बदलून गेला, कपाट मागे राहिलं, आणि त्याला राखायला म्हणून अप्पाही राहिले.

अप्पा मूळचे वडवणीचे. घरचं किराणा दुकान. पण लहानपणी मठातल्या स्वामींनी त्यांना अक्षरं शिकवली आणि पोरगा तागडीतून उठला तो उठलाच. दुकान धाकट्या भावाने, रेवणसिद्धने सांभाळलं. अप्पा सणावाराला घरी गेले की तो गूळ मोजता मोजता हटकून विचारायचा, "काय दादा, तुज्या दुकानात गिऱ्हाईक फिरकतंय का न्हाई?" अप्पा हसल्यासारखं करायचे. सख्ख्या भावाचं बोलणं जिव्हारी लागलं तरी तोंडावर दाखवता येत नाही.

गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, हे खरंच होतं. त्यात गिऱ्हाइकाचा तरी काय दोष? ज्यांना मराठी वाचता येत होतं ते व्यापारी, मास्तर कचेरीच्या फाटकाशी आले की पहारेकरी विचारायचा, कुणाकडे काम आहे? पुस्तक वाचायचंय, असं त्याला सांगायची कुणाची छाती होत नव्हती. उगाच कशाला सरकारच्या नजरेत भरा, असं म्हणून माणसं फाटकावरूनच रामराम करायची. आणि शेतातल्या माणसांना वाचायला येतच नव्हतं, तेव्हा तो प्रश्नच मिटला.

तरी अप्पांचा दिवस नेमाने उजाडायचा. सकाळी अंघोळ, लिंगपूजा उरकून, कपाळाला भस्म लावून ते येत. दार उघडत, पाणी शिंपडत, कपाटातला कडुनिंबाचा जुना पाला काढून नवा ठेवत. मराठी वाचणाऱ्यांसाठी म्हणून सरकारने एक सतरंजी दिली होती. तिच्यावर कुणी बसत नसे, पण अप्पा ती रोज बाहेर नेऊन झटकत आणि पुन्हा कपाटासमोर अंथरत. हैदराबादेची उर्दू अखबारं शिळी होऊन यायची. ती आली की वकिलांचे कारकून मुन्शीजींभोवती गोळा होत, मोठ्याने वाद घालत, पान खात. जाता जाता एखादा अप्पांकडे बघून म्हणे, "क्यों अप्पा, आज भी अकेलेच?" मग सगळे हसत. मुन्शीजी हसत नसत, एवढं मात्र सांगायला हवं. माणूस झोपाळू होता, पण वाईट नव्हता.

संध्याकाळी अप्पा कुलूप लावत आणि दुसरं कुलूप उघडायला घरी जात. त्यांची शिवकांता मानमोडीच्या साथीत गेली. तिला माती देऊन आले त्या दिवसापासून घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. पोरबाळ नव्हतंच. भाकरी थापायची ती मुकाट, खायची ती मुकाट. कधी कधी सकाळी फाटकावरच्या शिपायाला सलाम करायला तोंड उघडलं की आवाज घोगरा निघायचा, तेव्हा अप्पांना कळायचं की काल संध्याकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही. ते कळलं की फार वाईट वाटायचं.

दिवसातली एकच वेळ त्यांची स्वतःची होती. दुपारी मुन्शीजी नमाजाला जात आणि तिकडूनच घरी जाऊन आडवे होत. तेवढ्या वेळात अप्पा सतरंजी ओढून मागच्या खिडकीपाशी घेत आणि कपाटातलं एखादं पुस्तक मोठ्याने वाचत बसत. त्यांना मनातल्या मनात वाचता येत नसे. मठात पोथी वाचायला शिकलेला माणूस तो. ओठ हलल्याशिवाय आणि कानाला ऐकू आल्याशिवाय अक्षर त्यांच्या आत उतरतच नसे. समोर भिंतीवर मुन्शीजींनी सुबक उर्दू अक्षरांत 'खामोश' अशी पाटी टांगलेली होती. अप्पा तिच्याकडे पाठ करून बसत.

कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांनी एक जाडजूड गोष्टीचं पुस्तक काढलं होतं. एका कुंभारणीची गोष्ट. तिचा नवरा घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर दक्षिणेला गेला आणि परतलाच नाही. ती त्याला शोधायला निघते, गावोगाव फिरते, कुठे मडकी घडते, कुठे धर्मशाळेत पडून राहते. अप्पांचा तिच्यावर जीव जडला होता. ते रोज थोडंच वाचत. पुढची पानं चाळून बघायचा मोह होई, पण ते बघत नसत. पुस्तक संपलं तर दुपारी करायचं काय?

त्या खिडकीचा एक त्रास होता. दर एक-दोन दिवसांनी बाहेरच्या काठावर मूठभर जोंधळे पडलेले असत. कधी शेजारी झेंडूचं एखादं फूल. कुणीतरी पुण्य मिळवायला कबुतरांना दाणे घालतंय, असा अप्पांचा समज. कबुतरं आली की घाण करणार, आणि घाण झाली की मुन्शीजी बोलणार! ते फडक्याने दाणे खाली लोटून देत आणि म्हणत, "यास्नी दुसरी खिडकी घावत न्हाई का काय!" कुतुबखाना उंच जोत्यावर होता. आत बसलेल्याला खिडकीखालची गल्ली दिसत नसे, आणि उठून वाकून बघायचं अप्पांना कधी सुचलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर वरून मुआयना आला. तपासणीला आलेले साहेब मराठी उत्तम बोलणारे, वागायलाही सभ्य. उर्दू कपाटं बघून झाल्यावर ते मराठी कपाटापुढे उभे राहिले. पुस्तकं कोरी करकरीत, सतरंजीला साधी सुरकुतीही नाही.

"हे कुणी वाचतं का?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी वाकून सतरंजीची कड सारखी केली.

साहेब म्हणाले, "दुसऱ्या जिल्ह्यात लोक मराठी पुस्तकांसाठी अर्ज करून थकलेत, आणि इथे ही कसरीला खायला ठेवायची का? माझ्याबरोबर गाडी आहे. पण तुम्ही इतकं जपलंय, म्हणून विचारतो. एक नाव सांगा. या कपाटासाठी इथे येणाऱ्या एकाच माणसाचं नाव. तेवढं मला वर कळवता आलं, तर कपाट हलवत नाही."

खोली एकदम शांत झाली. पाटीचा हुकूम त्या दिवशी पहिल्यांदा पाळला गेला असेल. मुन्शीजींनी अप्पांच्या कानाशी येऊन कुजबुज केली, "अपने भाई का नाम बोल दो ना मियाँ! कौन देखने जारा?"

रेवणसिद्धचं नाव अप्पांच्या जिभेपर्यंत आलं. पण हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडे गेला आणि नाव तिथेच अडलं. आपल्या कपाटाला गुळाच्या ढेपेमागे बसून हसणाऱ्या भावाला वाचक म्हणायचं? ते खोटं तर होतंच, वर लाजिरवाणंही होतं. त्यांनी पुन्हा आठवून बघितलं. पहारेकरी नाही, कारकून नाहीत, मास्तर नाही. इतक्या वर्षांत त्या सतरंजीवर त्यांच्याशिवाय कुणी बसलंच नव्हतं.

"कुणीच येत न्हाई, हुजूर," अप्पा म्हणाले.

साहेबांनाही बरं वाटलं नसावं. त्यांनी मान हलवली आणि शिपायांना हाक मारली. पुस्तकं गोणपाटात बांधताना अप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. सगळी आपणच बांधली. कुंभारणीचं पुस्तक मागच्या खिडकीशेजारच्या कोनाड्यात ठेवलेलं होतं. ते कुणाला दिसलं नसतं. अप्पांनी स्वतः काढून आणलं, खुणेची काडी पानांतून ओढून घेतली आणि पुस्तक बाकीच्यांत ठेवलं. बैलगाडी वेशीकडे वळेपर्यंत ते जोत्यावर उभे होते. मग आत आले आणि नेमाप्रमाणे कुलूप लावायची वेळ होईपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी सतरंजी झटकली. सवय जात नाही. कपाट होतं तिथे भिंतीचा रंग वेगळा दिसत होता, तिकडे बघवत नव्हतं. कारकून आले, पान खाऊन गेले. आज त्यांनी थट्टा केली नाही, आणि अप्पांना ते जास्तच लागलं. दुपारी मुन्शीजी गेले. अप्पा खिडकीपाशी जाऊन बसले. हात रिकामे. पुढचे दिवस आता सगळे असेच जाणार, हे त्यांना कळून चुकलं.

बऱ्याच वेळाने खिडकीखालून आवाज आला.

"अप्पा, आज पोथी न्हाई का?"

अप्पा दचकले. उठून त्यांनी गजांतून खाली पाहिलं. भिंतीच्या सावलीला एक बाई उभी होती. डोईवरचा पदर उन्हाने विटलेला, खांद्यावर दोर, हातात चुंबळ. कचेरीतल्या घोड्यांसाठी नदीपलीकडच्या वाडीवरून गवताचे भारे घेऊन येणाऱ्या बायकांपैकी एक. भारा विकला की सोबतिणी जमेपर्यंत त्या कुठे ना कुठे सावलीला टेकत.

"कसली पोथी?" अप्पांनी विचारलं.

"ती कुंभारणीची वो. म्या रोज ऐकती. तुमाला मुन्शीबाबा अप्पा म्हनत्यात म्हून म्याबी म्हनती." असं म्हणून तिने पदराच्या गाठीतले जोंधळे सोडले आणि टाचा उंचावून खिडकीच्या काठावर ठेवले. "पोथीला रिकाम्या हातानं बसू नाही. रोज न्हाई जमत, पर आसलं तवा ठेवती."

अप्पांनी त्या दाण्यांकडे पाहिलं. आजवर किती वेळा फडक्याने खाली लोटले, याचा हिशेब त्यांना लागेना. त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले.

"कवापासून ऐकतीस?"

"ती घरातून निगाली तवापासून." मग ती जरा पुढे सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अप्पा, परवा तिला बाजारात पाठमोरा बाप्या दिसला आन् तुमी थांबलात. तिचाच मालक हुता का त्यो?"

अप्पांनी मागे वळून त्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं.

"न्हाई, म्हून इचारती. आमचे मालक रुळाच्या कामावर गेलते. अजून आले न्हाईत. लोक कायबी म्हनत्यात. म्हनलं, हिला तरी घावला का बगावं."

काल साहेबांपुढे जे अप्पांना जमलं नव्हतं, ते त्यांनी आता केलं. "त्योच हुता," ते म्हणाले. "तिनं हाक मारली, त्यानं मागं बगितलं. वळखलं लगीच."

बाई ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग हळूच म्हणाली, "वाचताना तुमचा आवाज आसा न्हाई ऱ्हात, अप्पा."

अप्पांना तिच्याकडे बघवेना. "मलाबी न्हाई ठावं, बाई," ते म्हणाले. "मीबी तितपतच वाचलतं. संपू नाही म्हून रोज लई थोडं वाचायचो. आता पुस्तक गेलं. सगळं कपाटच नेलं काल."

"कावून नेलं?"

"इथं कुणीच येत न्हाई म्हून."

 तिला ते बोलणं मुळी कळलंच नाही.

"आसं कसं?" ती म्हणाली. "मी येतीच की वो."

वेशीकडून सोबतिणींनी तिला हाळी दिली. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, दोर सावरला आणि निघाली. अप्पांनी गजांना तोंड लावून तिला हाक मारली. आपण इतक्या जोराने हाक मारू शकतो हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"बाई! तुजं नाव काय?"

"दगडाबाई!" ती चालता चालता म्हणाली आणि सोबतिणींत मिसळली.

अप्पा खिडकीपाशी उभे राहिले. काठावरचे जोंधळे त्यांनी एकेक करून मुठीत गोळा केले. मग ते वळले, आणि भिंतीवरच्या त्या वेगळ्या रंगाच्या चौकोनापुढे, साहेब कालच्यासारखे अजून तिथे उभे असावेत तसे, हात जोडून सावकाश म्हणाले, "दगडाबाई, हुजूर. दगडाबाई येते."