नानांसाठी आकाशाचं मासिक निवडताना

मंगळवारी दुपारी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मी नानांची फजिती करायला गेले... आणि जे झालं ते अजून घशाखाली उतरत नाहीये.

नाना म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. सुरगाण्याकडच्या मुक्कामी गाड्या कायम त्यांच्याच वाट्याला. गाडी गावात लावायची, टपावर पथारी टाकायची आणि झोप लागेपर्यंत वर बघत पडायचं... ताऱ्यांचा नाद तिथूनच लागला.

रिटायर झाल्यावर त्यांनी आकाशदर्शनाचं एक मासिक लावलं. त्यात दर महिन्याला मधल्या पानावर आकाशाचा नकाशा असतो. ठळक ताऱ्यांना मोठे ठिपके, अंधुक ताऱ्यांना बारीक. गच्चीवरून जो तारा दिसला, त्याच्या शेजारी नाना पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे. जो नाही दिसला, त्याच्या नावाने सातपूरच्या कारखान्यांच्या दिव्यांना शिव्या.

गेली दोन वर्षं त्यांची एकच कुरकुर... "हल्ली छपाई लय फिकी करतात. बारीक तारे तर छापतच नाय."

मला ते पटलं. माझा धंदाच तो ना! टोनर संपत आला की पान कसं दिसतं, हे मला कोणी शिकवायला नको. मी नकाशा मोठ्या कागदावर, एकदम डार्क काढून द्यायला लागले. दोन-तीन महिने "हां, आता बरं हाय" झालं. मग तेही फिकं वाटायला लागलं.

शंका आली नव्हती असं नाही, खोटं कशाला बोलू. मी एकदा म्हटलं होतं, "नाना, मोतीबिंदू असेल." तर म्हणाले, "ड्रायव्हरचे डोळे हायेत हे. आन असला तरी पिकू दे, मग काढू." आमच्याकडे सगळ्यांचं हेच. आंबा आणि मोतीबिंदू, पिकल्याशिवाय हात लावायचा नाही. मीही मान डोलावली आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

शेवटी नानांनी फर्मान काढलं, दुसरं मासिक बघ. मी तीन जमवली. एक आपलं मराठी, पातळसं, नुसता मजकूर. एक इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं. आणि एक परदेशी, फोटो असे की बघत राहावं. ते परदेशी त्यांनी एका मिनिटात बाद केलं. "ध्रुव कुठं दाखवलाय?" मी म्हटलं, बराच वर. "मग ते आपलं आकाश नाय. आपला ध्रुव खाली असतो."

एवढं सगळं कळणाऱ्या माणसाची मला खोड काढायची होती. म्हणून मी चौथा अंक त्यात सरकवला. त्यांच्याच कपाटातला जुना, ज्याला ते कायम "छपाई असावी तर अशी" म्हणायचे तो. मुखपृष्ठ मागे दुमडलं आणि नकाशाचं पान उघडून हातात दिलं. आता यालाही नावं ठेवली की पकडते त्यांना, असं मनात होतं.

नाना उठून दारातल्या उजेडात गेले. पान नाकाजवळ नेलं, तिरकं केलं, परत सरळ केलं.

"हे तर सगळ्यात बेकार," ते म्हणाले. "कोरंच हाय."

पान त्यांच्याच पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं होतं... एकेका ताऱ्याशेजारी त्यांच्या हातची बरोबरची खूण. हसायची तयारी केलेलं माझं तोंड तसंच राहिलं. मी अंक त्यांच्या हातातून घेऊन दुमडलेलं मुखपृष्ठ सरळ केलं. त्यावरूनच त्यांना कळलं असावं. म्हणाले, "आपलाच हाय का गं हा अंक?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यात जेवढं उरलंय ते टिकवायला रोज थेंब घालायचे. गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "दोन वर्षं कुठे होतात?"

मी दुकानात होते. डार्क झेरॉक्स काढत होते.

येताना रिक्षात नाना एकच वाक्य बोलले. "म्हंजे छपाई चांगलीच होती." मी बाहेर बघत बसले. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

हे सगळं इथे लिहितेय ते एवढ्यासाठीच... घरात कोणी म्हातारं माणूस अक्षर फिकं आलंय म्हणालं, तर छापणाऱ्याला नंतर नावं ठेवा. आधी डोळे तपासा. पिकायची वाट बघू नका.

मासिक मात्र ठरलं. दुकानात परत आल्यावर मी सगळी मासिकं उचलून आत ठेवत होते, तर नानांनीच अडवलं. "ते मराठी लाव. त्याच्यात लिहिलेलं लय हाय. वाचायला तू हायेस ना?"

आता दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते स्टुलावर बसतात आणि मी वाचते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नावं चुकतात, ते दुरुस्त करतात. काल त्यात अंधुक ताऱ्यांची यादी आली. ती मी हळूच गाळली आणि पान उलटलं. गच्चीवरून आता ठळक तारेही त्यांना दिसत नाहीत, मग हे कशाला वाचून दाखवायचे...

पान उलटल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"बारीक तारे राह्यले," नाना म्हणाले. "ते पण वाच."